दुखरा पाय कोणता?

धंतोली, नागपूर
रविवार

प्रिय मयुरा,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर घाणेरडं आहे, सांभाळून घे. नडगीच्या हाडाची चीर भरली का? विद्यापीठाच्या संघाची निवडचाचणी परवा झाली. मी गेले होते. पाच हजार मीटरमध्ये जी पहिली आली, तिला तू डिसेंबरमध्ये अर्ध्या फेरीने मागे टाकलं होतंस. मला पुढचं पाहवेना, मी मधूनच उठून घरी आले.

क्लिनिकमध्ये नेहमीचाच वैताग आहे. सध्या सगळ्या नागपूरला मॅरेथॉनचं वेड लागलंय. एकेकाला ट्रेडमिलवर चढवायचं, मागे स्टुलावर मोबाइल लावायचा, की यांची चाल बदललीच! पाऊल टाचेवर पडतं की चवड्यावर, आत कलतं की बाहेर, हे मला त्यांचं रोजचं पाहायचं असतं, आणि हे वरातीतल्या नवरदेवासारखे सजून पळतात. तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस, "ताई, कॅमेऱ्यासाठी वेगळं पळा लागते का?" मी किती हसले होते. तुझ्याइतकं सरळ माझ्या कॅमेऱ्यासमोर कोणी पळालेलं नाही.

तो व्हिडिओ हळू करून पाहिला तर डावं पाऊल टेकताना आत कोसळत होतं. मी डाव्या बुटात पॅड बसवला, डाव्या पायाचे व्यायाम दिले, आणि उजवा भक्कम आहे म्हणून त्याच्यावर उड्या मारायला सांगितल्या. दोन आठवड्यांनी तू म्हणालीस, "पण ताई, दुखून तर उजवा राहिला." मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, की डावा कामचुकार आहे, त्याचा भार उजवा उचलतो, म्हणून तो दुखतो. तू म्हणालीस, "असंल." त्या तुझ्या "असंल"चा मला आता भयंकर राग येतो. भांडायचं होतंस गं! टेबल आपटून म्हणायचं होतंस, दुखतोय तो पाय आधी बघा. पण तू वीस वर्षांची, आणि मी भिंतीवर फिजिओथेरपीच्या दोन पदव्या टांगून बसलेली.

दुखणं वाढत गेलं तेव्हा मी तुझ्या बाबांना बोलावलं. नत्थूजी दिवसभराचं काम टाकून सावनेरहून आले. बाकावर पाच-सहा पेशंट बसलेले असताना मी त्यांना सांगितलं, की ही घरी काही करत नाही आणि इथे येऊन करते म्हणते. ते तुला म्हणाले, "काहून खोटं बोलून राहिली वं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फाइल चाळत राहिले. आठ दिवसांनी उजव्या हाडाला चीर निघाली, आणि तरीही मी "बघा, मी सांगितलं होतं" असंच म्हणाले. बाबांनी तुझं पळणं बंद केल्याचं मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं.

गेल्या मंगळवारी शिकाऊ मुलींना दाखवायला तुझा तोच व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. एरवी मी फक्त पावलं मोठी करून पाहते, घोट्याच्या वर माझी नजर जातच नाही. पडद्यावर तू अख्खी दिसलीस, आणि तुझ्या शर्टाच्या पाठीवरचं "सावनेर" उलटं होतं, आरशात दिसावं तसं. त्या दिवशी मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली होती, म्हणून मी पुढचा, सेल्फीचा कॅमेरा वापरला होता. त्याने उजव्याचं डावं केलं. कोसळत होता तो तुझा उजवाच पाय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तेही परवडलं. मी तर दुखऱ्या पायाला उड्या मारायला लावल्या. आणि ऐक, शेवटच्या तपासणीत तुझी डावी पोटरी उजवीपेक्षा भरलेली मी स्वतः टेपने मोजली होती. व्यायाम न करता पोटरी भरते का? एवढंही माझ्या डोक्यात शिरलं नाही. स्वतःची लाज वाटते मला.

माफी मेसेजमध्येही मागता आली असती, पण ती तुझ्या एकटीच्या फोनमध्ये राहिली असती. तुला खोटं पाडलं ते मी चारचौघांत. म्हणून हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. यापुढचं बाबांसाठी आहे. नत्थूजी, मयुराने एकही व्यायाम चुकवला नव्हता. कोणता पाय दुखतो ते ती पहिल्यापासून बरोबर सांगत होती. चूक माझी झाली, आणि तुम्ही मात्र पोरीला सोडून माझ्यावर विश्वास ठेवलात. येत्या रविवारी मी सावनेरला येते आहे. हेच सगळं तुमच्या दारात उभं राहून सांगेन. शेजाऱ्यांनाही बोलवा.

तुझीच,
भैरवीताई