आतून लिंपलेलं दार

बाई, परवा रविवारी सकाळी जे पाहिलं ते सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचत नाही. घरी सांगून झालं. ऑफिसच्या बसमध्ये शेजारणीला सांगितलं, ती "वॉव" म्हणाली आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी पहिली आठवण तुमचीच येते, याला माझा इलाज नाही.

खडकीच्या आपल्या शाळेमागे लष्कराच्या हद्दीला लागून जुनी झाडं होती आणि तुम्ही विज्ञानाचा तास उचलून थेट तिकडे न्यायचात. पदर खोचलेला, हातात छत्री, ऊन असो वा नसो. कोवळ्या कोहळ्याला बोट दाखवत नाहीत तसं घरट्यालाही दाखवायचं नाही, हनुवटीने खूण करायची, हा तुमचा नियम. वारूळ बघून कोणीतरी "सापाचं घर!" म्हणालं, तर तुम्ही म्हणालात, "घर वाळवीचं. साप म्हणजे पागडी न देता घुसलेला भाडेकरू." आणि मग ते आंब्याचं झाड. तुम्ही आम्हाला मातीत बसवता. वर खोडातल्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलेलं, मधे फक्त बोटभर फट. बराच वेळ काहीच घडत नाही. कारखान्याचा भोंगा होतो, आमची चुळबुळ सुरू होते, तुम्ही नुसतं बघता आणि ती थांबते. मग एक मोठा राखी पक्षी येऊन खोडाला बिलगतो, घशातून उंबर काढून चोचीत धरतो, आणि त्या फटीतून दुसरी एक चोच बाहेर येऊन ते अलगद घेते. माझ्या सर्वांगावर काटा आला. तोवर झाड म्हणजे माझ्यासाठी सावली आणि कैऱ्या. त्याच्या पोटात कोणी राहत असेल हे मनातही आलं नव्हतं.

धनेशाची मादी स्वतःला असं कोंडून घेते, उडायची पिसं आतच गाळून टाकते, आणि नर भरवेल या एका भरवशावर अंडी उबवते, हे तुम्ही हलक्या आवाजात सांगितलंत. मी विचारलं, "बाई, मग ती बाहेर कशी येते?" तुम्ही म्हणालात, "वेळ झाली की स्वतःच दार फोडते म्हणे. वाचलंय, पाहिलेलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पापडांचं वाळवण असतं. मी तेव्हा कावळे बघते." आम्ही हसलो, तुम्ही हसला नाहीत. पुढच्या वर्षी आपला बाहेरचा तास संगणकाला गेला. त्याच संगणकावर मी आज पोट भरते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

आता मी हिंजवडीत राहते. आमच्या सोसायटीत एक जुना आंबा अजून उभा आहे, कारण त्याच्या मुळाशी म्हसोबा आहे आणि बिल्डर देवाला घाबरला. यंदा त्यात धनेश आले आणि मी दर रविवारी सोसायटीतल्या मुलांना खाली मातीत बसवू लागले. पण गेल्या आठवड्यात नर दिसेनासा झाला. एका मुलीचे बाबा शिडी घेऊनच आले. "मॅडम, मेल गेला असणार. आपण वॉल ब्रेक करून रेस्क्यू करू ना, पोरं रडतायत." मी नाही म्हटलं, अगदी तुमच्या ठसक्यात. पण रात्री तोच हिशेब घालत राहिले. भिंत फोडली तर कावळे पिल्लं ठेवणार नाहीत. नाही फोडली आणि नर खरंच मेला असेल, तर ती आत उपाशी मरणार, तेही मुलांच्या डोळ्यांदेखत आणि माझ्या शब्दावर.

रविवारी आम्ही बसलो. ते गृहस्थही शिडी आडवी टाकून तिच्यावर बसले. आणि आतून टकटक सुरू झाली. चिखलाचे टवके खाली पडू लागले. त्यांची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "काकू, ती आतून फोडतेय!" आधी चोच आली, मग डोकं, मग एक खांदा अडकला. शेवटी ती ढोलीच्या तोंडाशी येऊन बसली. पिसं कोरी करकरीत, शेपटी मात्र आत दुमडून वाकडी झालेली. मागून पिल्लांचा कलकलाट. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून कर्कश साद आली, तर तिथे नर! इतके दिवस कुठून, कधी येऊन भरवून जात होता, कोण जाणे. बाई, मी चाळिशी ओलांडलेली बाई, मुलांसमोर ढसाढसा रडले.

ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही हे आधी पाहिलं होतं?" मी म्हटलं, "नाही गं, आत्ताच पाहिलं."

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. 'आत्ताच पाहिलं' हेही पुरतं खरं नाही. तिने पंख उघडून पहिली झेप घेतली तेव्हा मी वर बघतच नव्हते. मी शेजारी वळले होते, तुम्हाला सांगायला, की बाई, बघा, आली.