तीस हजार एकतीस

१२ जून १९९५, शेळगाव

आज रुजू झाले! बारामतीहून एसटीनं आले, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कुशाबाईंच्या घरामागची खोली मिळाली. मोरीला स्वतंत्र नळ, भिंतीत कोनाडा. त्यात बुद्धाची मूर्ती ठेवली. पहिल्यांदाच एकटी राहणार. आठवीच्या वर्गात तीस मुलं, पाढे तोंडपाठ. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून कुणीतरी एक संख्या लिहिली आहे : ३००३१. ती कुणी पुसत नाही.

१४ जून

संख्या सोपान सरांची, असं मुलांनी सांगितलं. माझ्या आधीचे गणिताचे सर. कुणाशी बोलायचे नाहीत. ही मूळ संख्या आहे, माझ्यासारखी, हिला कुणी नाही, असं वर्गात म्हणायचे. फेब्रुवारीत त्यांची सायकल कालव्याकाठी सापडली. ते सापडले नाहीत. मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. कुणाला तरास न्हाय त्या आकड्याचा."

१७ जून

शनिवार, अर्धा दिवस शाळा. खोलीत करमेना, म्हणून ती संख्या घेऊन बसले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा : कशानंही भागा, बाकी एक. असणारच. या सहांच्या गुणाकारात सरांनी एक मिळवलाय. पण तेवढ्यानं ती मूळ ठरत नाही. पुढच्या मूळ संख्या घेत गेले. एकोणसाठला बाकी शून्य! ५९ × ५०९. संयुक्त संख्या.

आनंद झाला, मग फार वाईट वाटलं. हे त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवं होतं.

१९ जून

चौकटीखाली उत्तर लिहिलं. बाकी समजावायला मुलांनाच उभं केलं. जोड्या करायला सांगितल्या, एक उरला. तिघातिघांचे गट केले, एक उरला. पाचापाचांचे केले. पुन्हा एक. पटावर तीसच आहेत. चेहरेही सगळे ओळखीचे.

२० जून

हजेरी घेतली. तिसावं नाव राजनंदिनी. ती "हजर" म्हणाली, मी पट मिटला. मागच्या बाकावरून आणखी एक "हजर" आला. मोठ्या माणसाचा आवाज. एकाही मुलानं मागं वळून पाहिलं नाही. बाक ओला होता.

२१ जून

शाळेत गेले नाही. कुशाबाईंनी चहाचे दोन कप आणले. एक खुर्चीपुढे ठेवला. "सरास्नी बी आणला. लई दिसांनी आलं." खुर्ची रिकामी — निदान मला तरी —

२२ जून

आता दिसतात. रागावलेले नाहीत. मी उत्तर काढलं म्हणून आले, म्हणतात. वहीत नवी संख्या लिहून पुढे सरकवली. ९६९९६९१. हिला कुणी आहे का, तेवढं बघा. म्हटलं, मला घरी जाऊ द्या. सरांनी नकारार्थी मान हलवली. आधी हिचं.

२४ जून

सतरा, बाकी एक. एकोणीस, बाकी एक. कुशाबाई खोलीत आल्या. एकच कप. खुर्चीपुढे.

मी हाक मारली. दोनदा —

२५ जून

आई आली! दारात उभी आहे. माझ्याच तोंडाकडे बघतेय आणि कुशाबाईंना विचारतेय, माझी प्रियदर्शनी कुठं —