खाली डोंगर, वर आग

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्हाला लिहायची बुद्धी मला आत्ता होते आहे, तीही एका चिनी माणसामुळे. हसू नका. इथे आखातात, रुसैलच्या आमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला हा इंजिनिअर आला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो नाणी फेकतो, आलेल्या छाप्या-काट्यावरून पुठ्ठ्यावर रेघा ओढतो, आणि अख्खं पॅकिंग खातं त्याच्याभोवती गोळा होतं. माझी तर गरजच होती. कंपनीने विचारलं आहे, आणखी दोन वर्षं राहणार की गावी परत जाणार? आता सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली, म्हणून उत्तर गुरुवारपर्यंत हवं. तिकडे आई एकटी. इकडे लेक आठवीला, आजीशी फोनवर बोलताना तिला मराठी शब्द सापडत नाहीत. रोज संध्याकाळी अमेरातच्या घरी पोचेपर्यंत मी एक ठरवतो आणि सकाळच्या चहाला दुसरंच.

तर मी मनात धरलं, ‘गावी जाऊ का?’ आणि इथल्या चिल्लरीतली, बैसाची तीन नाणी सहा वेळा फेकली. मी आपला देवळात कौल लावल्यासारखा बघत होतो, उजवं काय पडलं, डावं काय पडलं. तो खालून वर रेघा रचत गेला, काही अखंड, काही मधे तुटक. म्हणाला, “खाली डोंगर, वर आग. आग डोंगरावर एका जागी थांबत नाही. ही खूण प्रवाशाची.” अर्थ काय? प्रवाशाने नम्र राहावं, थोडक्यात भागवावं, परक्या जागी भांडू नये. अहो, एवढं तर इथला कुठलाही ड्रायव्हर फुकट सांगेल! “पण हो की नाही?” मी विचारलं. तर म्हणे, ही खूण हो-नाही सांगत नाही, तू कुठे उभा आहेस ते सांगते.

मग मी तेच केलं जे आपल्याकडे करतात. देवाच्या अंगावरची डावी कळी पडली, नकार आला, की गुरव गाऱ्हाणं फिरवून पुन्हा कौल लावतो ना, तसा मी प्रश्न फिरवला, ‘इथेच राहू का?’ आणि पुन्हा नाणी उचलली. तो एवढा चिडला! नाणी माझ्या हातातून काढून घेतली. “वन क्वेश्चन, वन टाइम! खलास!” एकच गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे त्यांच्यात उत्तराचा अपमान. मला काही कळेना. आपला देव दोनदा विचारलं म्हणून कधी रागावला नाही.

तेव्हा माझा व्हिसा आला तो दिवस आठवला. तुम्ही कौल घ्यायला देवळात गेलात, मी बाहेर चपला सांभाळत उभा. बाहेर येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, “बॅग भर.” उजवी पडली की डावी, मी विचारलं नाही. काल आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “जावचा काय नको, ता तेंनी इचारूकच नाय. झील परत येतलो काय, इतक्याच इचारल्यानी.” म्हणजे मी जावं की नको हे नाही, मुलगा परत येईल का, एवढंच तुम्ही देवाला विचारलं होतं.

“मग काय पडलं?”

“ता माका खंय सांगतत!”

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. कौल डावा पडला असेल तर तुम्ही मला बॅग भरायला कसं सांगितलंत? उजवा पडला असेल तर मग माझी वाट बघत असताना कधी ‘ये’ म्हणाला का नाहीत? बाबा, मला तुमचा फार राग येतो आहे आणि तुम्ही समोर हवे आहात.

हे पत्र लिहून फाडणार आहे, म्हणून खरं सांगतो. आज दुपारी मी दोन वर्षांची सही केली. आईला म्हणालो, कंपनी सोडत नाही. कंपनी सोडत होती. मलाच यायचं नव्हतं.