अंगणातून जाणाऱ्यांचा चहा

हिंगोली (जि. परभणी), फेब्रुवारी १९७४

रा. रा. अमृतराव यांस बंडोपंताचा नमस्कार. (मेहुणे म्हणून मान द्यावा तर वयानं तुम्ही धाकटे, आणि आशीर्वाद द्यावा तर रागावणार, तेव्हा नमस्कारावर भागवून घ्या.) खोकला कसा आहे? पहाटेच्या थंडीत ओल्या अंगानं नागनाथाला जायचं सोडा, देव काही औंढा सोडून चाललेला नाही. इकडं सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक माझं चित्त ठिकाणावर नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना कितीदा तरी उठून मागच्या दाराची कडी पाहून आलो. कडी आहे. पण लोक ती काढून जातात, आणि पुन्हा लावतही नाहीत.

आमचं अंगण तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या दारातून शिरलं की मागच्या दारानं थेट नळावर निघता येतं, आणि सगळी गल्ली तसंच करते. नोकरीत होतो तोवर मला याचा पत्ता नव्हता. रिटायर झालो, दुपारी अंगणात बाज टाकली आणि कळलं की मी घरात नाही, रस्त्यात झोपतो! डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी घागर घेऊन उशाशी उभं, "काय पंत, झोपले काय?" आता झोपलो होतो हे सांगायला माणसाला उठावंच लागतं ना! म्हणून मागचं दार बुजवायचं, तिथं टिनाची एक खोली काढायची आणि आतून कडी लावून पडायचं, एवढीच या जन्मातली इच्छा उरली आहे. विटासुद्धा आणून टाकल्या. (त्यांवर आता बाया दम खायला टेकतात.)

तेवढ्यात गावात सिटी सर्व्हे आला. मोजणीवाले साखळ्या घेऊन गल्लीगल्लीत हिंडून राहिले आहेत. घर कुणाचं, बोळ कुणाचा, लोकांच्या वहिवाटीचा रस्ता कुठून जातो, सगळं नकाशावर चढवायचं. एकदा आमच्या अंगणातून रस्त्याची रेघ ओढली की खोलीच्या नावानं अंघोळच! मी तडक मार्तंडरावांना गाठलं. (कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात ते. त्यांचा स्वतःचा अर्ज कधी मंजूर झालेला नाही, पण ते मागाहून आठवलं.) ते म्हणाले, घाबरता काहून? जो हक्कानं जातो त्याचा रस्ता होतो, जो तुमच्या मर्जीनं येतो तो पाहुणा. येईल त्याला बसवा, चहा पाजा. पाहुण्याच्या येण्याजाण्यानं काही रस्ता होत नाही. मला हे बराबर पटलं.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पद्माबाई घागर घेऊन निघाल्या, त्यांना अडवून बसवलं. नळ जाईल, सोडा की पंत, म्हणून बिचारी गयावया करत होती, पण कप रिकामा झाल्याखेरीज मी उठू दिलं नाही. दोन दिवसांत बातमी गावभर. ज्यांनी जन्मात आमचं अंगण पाहिलं नव्हतं तेही नळावर जायला लागले, आणि हातात घागर नाही! शेजारच्या गोरेगावला जाणाऱ्या जीपचा ड्रायव्हर सवाऱ्या बसवून ठेवून येतो. मुंजाजी शेळ्या घेऊन जाताना एकदा प्यायला आणि येताना पुन्हा बसला. जाणं वेगळं, येणं वेगळं म्हणे. रेशनची साखर संपली म्हणून गुळाचा केला, तर तोंड वाकडं करून "कालचा बरा व्हता" असं मलाच ऐकवून गेले. अहो, माझ्याच अंगणात! तुमच्या भगिनी मात्र स्टोव्हपुढून हलल्या नाहीत, चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, चला, बाईला खोलीचं पटलं.

काल मोजणीचे साहेब आले. आले तेच मागच्या दारानं. पुढून वळसा पडतो म्हणाले. मी ते गिळलं. खुर्ची दिली आणि अंगणभर बसलेल्यांकडं हात करून सांगितलं की ही सगळी माझी पाहुणेमंडळी. साहेब म्हणाले, गोतावळा मोठा दिसतो. म्हटलं, माणसांची हौस, दुसरं काय! (तोंड बघण्यासारखं झालं असेल माझं.) त्यांनी पेन्सिल काढली, खाजगी अंगण असं लिहायला कागदावर टेकवली, आणि तेवढ्यात तुमच्या भगिनी किटली घेऊन बाहेर आल्या. "पाहुणे कसले हो साहेब? रस्त्यानं जाणारी माणसं आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून जातात. यांनी आता धरून बसवलीत!" किटली माझ्यापुढं आदळून आत निघून गेल्या. पद्माबाई लगेच "व्हय, व्हय" म्हणत घागर घेऊन पसार. साहेबांनी पेन्सिल खिशात घातली आणि गुरुवारी सुनावणीला या म्हणाले. अमृतराव, मी रागावलो नाही. चहा उकळून उकळून बाईचं डोकं फिरलं, तोंडातून निघून गेलं. पण तेव्हापासून मी नुसत्या येरझारा घालून राहिलो आहे, आणि त्याही नीट घालता येत नाहीत, मध्ये लोक येतात.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला, अजून रस्त्यातच पडलेला,
बंडोपंत

ता. क. – गुरुवारच्या सुनावणीला तुम्ही आलंच पाहिजे. जास्त तकलीफ नाही. इतक्या वर्षांत या अंगणातून परकं माणूस जाताना पाहिलं नाही, एवढंच साहेबांपुढं सांगायचं. तुमच्या शब्दाला वजन आहे.

आणखी ता. क. – मोटारीतून उतरल्यावर मोठ्या रस्त्यानं वळसा घालत बसू नका. नळापासून सरळ आमच्या मागच्या दारात शिरा, झटकन पोचाल.

दादा, पत्र चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. माझं डोकं बिलकूल फिरलं नव्हतं, समजून-उमजून बोलले. माझी विजया सासरी गेली तेव्हापासून याच बाया जाता-येता दोन शब्द बोलतात, त्यावर माझा दिवस जातो. हे घरातच असतात रे, पण यांच्याशी बोलून मन भरत नाही. ते दार बुजलं तर मी कुणाशी बोलू? गुरुवारी नक्की ये, आणि खरं तेच सांग. यांचं मी पाहून घेईन. – गंगू