देखरेखीचा रकाना

५ जानेवारी १९९८, सोमवार
नऊ! रेसिडेन्सीची तीन वर्षं घासली आणि पायाळू बाळंतपणं भरली फक्त नऊ. लॉगबुकात हवीत दहा — स्वतःच्या हाताने, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. हल्ली बाळ उलटं दिसलं की थेट सीझर, मग मला दहावं मिळायचं कुठून? एकतीस तारखेच्या आत विभागप्रमुख वशीसाहेबांची सही झाली नाही तर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. मग बसा सहा महिने!

माझ्याच बॅचचा पराग म्हणतो, "अर्चना, लिहून टाक ना एक. कोण बघतंय?" त्याने स्वतः चार महिन्यांचं लॉगबुक होस्टेलवर एका बैठकीत भरलं, तेही एकाच पेनाने. गाढव कुठला.

९ जानेवारी, शुक्रवार
मिळालं! दहावं!

दुपारी तीनला उधन्याहून रिक्षाने रंजना आली. दुसरं बाळंतपण. तपासते तर बाळाचं ढुंगण अगदी दारात! सीझरला वेळच नाही. लेक्चरर ऑपरेशनमध्ये, सिस्टर दुसऱ्या टेबलावर. माझ्याजवळ फक्त लेबर रूमच्या आया, भागीरथीमावशी. तीस वर्षं याच खोलीत आहेत.

बेंबीपर्यंत बाळ आलं आणि थांबलं. मला पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. हात आपोआप पुढे गेले — ओढायला! मागून मावशींचा आवाज, अगदी निवांत: "हात नको लावू माय. यी ऱ्हायना तो. थांब." म्हणजे, येतोय तो आपणहून.

ओढलं असतं तर बाळाचे हात वर गेले असते, डोकं अडकलं असतं. हे मला ठाऊक होतं! परीक्षेत दोन पानं लिहिली असती. पण त्या वेळी माझं कोपर धरून ठेवलं ते मावशींनी. एक कळ गेली. दुसरी. बाळाचे हात सुटले, मानेवरचे केस दिसले, तेव्हा म्हणाल्या, "आते उचल."

उचललं. मुलगा! रडला बेटा. मीही रडले.

११ जानेवारी, रविवार
रंजनाचा नवरा योगराज पोंक, म्हणजे इथला हुरडा, आणि शेव घेऊन आला. यंत्रमागावरून थेट, केसांत कापसाचे तंतू तसेच. रंजनाच्या सासूबाई खूश — पायाळू नातू, आता याच्या लाथेने माझी कंबर बरी होणार! मावशी म्हणाल्या, "आधी त्याले पाय झाडू दे वं!" सगळे हसलो. मावशींच्या वाटचा पोंक मीच जास्त खाल्ला.

लेक्चरर म्हणाले, "देखरेखीत माझं नाव लिही." लिहिलं. दहा झाली.

१४ जानेवारी
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. मांज्याने कापलेले, गच्चीवरून पडलेले पतंगवाले सगळे सर्जरीकडे. इथे शांतता. लॉगबुक उघडलं, मिटलं.

१९ जानेवारी, सोमवार
नाही जमत. त्या रकान्याकडे बघितलं की कोपरावर मावशींचा हात जाणवतो. आज लेक्चररचं नाव खोडलं आणि लिहिलं — भागीरथी निंबा पाटील, आया.

पराग कपाळाला हात लावून म्हणाला, "वेड लागलंय का तुला? दहावं रद्द होईल!" मावशींना सांगितलं तर त्याच ओरडल्या. "तू डाक्टर शे का मी? मी काय करं? थांब सांगं, तू थांबनी."

अहो मावशी, तुम्ही थांब सांगितलंत आणि मी थांबले, पण तेच तर!

२२ जानेवारी, गुरुवार
वशीसाहेबांना लॉगबुक दिलं. चष्मा काढला त्यांनी. "आ शुं लख्युं छे? हे काय लिहिलंय? आया?"

सगळं सांगितलं. बोलता बोलता आवाज चढला — माझी खोड! "साहेब, त्या नसत्या तर ते मूल वाचलं नसतं. देखरेख त्यांचीच होती."

त्यांनी लॉगबुक खणात टाकलं. "जा."

बस्स. एवढंच.

२९ जानेवारी, गुरुवार
लॉगबुक नाही. दोन दिवस उरले. आईला फोनवर काही बोलले नाही. भीती खूप वाटते, पण पुन्हा लिहायचं झालं तर तेच नाव लिहीन. माझ्यामुळे एक लेकरू जाणार होतं, आणि गेलं नाही. हे उपकार फिटायचे कसे?

३० जानेवारी, शुक्रवार
शिपाई दत्तू लॉगबुक देऊन गेला. दहावी नोंद. देखरेख करणाऱ्याच्या सहीच्या जागी निळा अंगठा! बाळांच्या पावलांचे ठसे घेतो तीच आमची शाई. त्याखाली वशीसाहेबांची सही.

फॉर्म गेला! देवा, फॉर्म गेला!

३१ जानेवारी, शनिवार
पेढे घेऊन लेबर रूममध्ये गेले. मावशी साबणाने अंगठा घासत होत्या. निळं काही जाईना. म्हणाल्या, "साहेबनी दोन डाव अंगठा लिधा. एक तुन्ही वहीवर. एक त्यासनी सोतानी वहीवर — जुनी, पिवळी पडेल, त्या शिकत व्हतात तवयनी. म्हणे, मावशी, पंचवीस वरीस राही गयं."