सव्विसाव्या भागाची घडी

१९ जानेवारी, रविवार

आज सोळावा भाग. दुकानात बसायला जागा नाही आणि टोस्ट भाजायला मी एकटी! ‘भरतीची शाळा’ ही जुनी ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, टीव्हीवर नव्याने सुरू झाल्यापासून दर रविवारी सकाळी हीच तऱ्हा. लांबलांबून माणसं येतात, कारण जुन्या मालिकेतलं कॉफीचं दुकान म्हणजे हे माझं दुकान – तेव्हा बाबांचं. खिडकी, भिंतीवरचं घड्याळ, बंदराचा बांध, सगळं इथलंच बघून काढलं होतं. लोक कप त्याच कोनात धरून फोटो काढत बसतात. कॉफी गार होते. मग मलाच सांगतात, कॉफी गार आहे.

कुसुनोकी काका आणि हिनात्सुची आज पुन्हा जुंपली. काका फेरीबोटीवर तिकिटं फाडून निवृत्त झाले. बावीस वर्षं तीच खुर्ची धरून आहेत. हिनात्सु दोन घरं सोडून केस कापते. वय चोवीस, जीभ कात्रीपेक्षा धारदार.

“जुन्यात समुद्र हाताने रंगवला होता. प्रत्येक लाट वेगळी!”

“काका, तीन लाटा होत्या. त्याच फिरवून फिरवून दाखवायचे. मी मोजल्यात.”

“त्या तिनांत जीव होता. तुझ्या नव्यात तीन हजार आहेत, एकीनेही पाय ओले होत नाहीत.”

“आणि जुन्यातली मिओ रडतेय की शिंकतेय ते तरी कळायचं का?”

मी दोघांच्या मध्ये वही आपटली. भांडण वहीत लिहून संपवायचं, ही इथली रीत. खिडकीजवळच्या फळीवर कायम एक वही असते. येणारा टोपणनावाने मालिकेवर वाटेल ते लिहितो. नियम एकच – पुढचं काही लिहायचं असेल तर पान आत दुमडायचं, चिकटपट्टीने बंद करायचं, आणि वर लिहायचं, अमुक भाग झाल्यावर उघडा. त्याआधी कोणी हात लावायचा नाही. आत्ताची एक्केचाळिसावी वही. एवढ्या वर्षांत नियम कोणी मोडलेला नाही.

खोटं लिहिलं. एकदा मोडलाय. मीच.

२ फेब्रुवारी, रविवार

अठरावा भाग. जुनी मालिका इथेच तुटली होती. खेळण्यांच्या जाहिरातदाराने हात काढून घेतला आणि सव्विसांपैकी आठ भाग निघालेच नाहीत. मालिकेची नायिका मिओ घरच्यांवर रुसून बांधाच्या टोकावरच्या दिव्याच्या खोलीत शिरते, दार ओढून घेते – आणि संपलं! अडतीस वर्षं ही माणसं एकमेकांना विचारताहेत, दार कोणी उघडलं?

आज टीव्हीवर दार लागलं तेव्हा दुकानात कोणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

नंतर सगळे बांधावर गेले. तिथे बघायला काय आहे? काँक्रीटमध्ये चार गंजके खिळे. इथली खरी खोली वादळाने नेली, एवढंच मी सांगते. तारीख सांगत नाही. २ फेब्रुवारी १९८७. सोमवारची रात्र होती.

त्याच दिवशी तोको गेली.

तोको माझी धाकटी बहीण. सतरा वर्षांची. तिला टोकियोला जाऊन ॲनिमेची चित्रं रंगवायची होती. आदल्या दिवशी, रविवारी, मालिका बंद झाल्याचं कळलं आणि त्याच जेवणाला तिने हा विषय काढला. बाबांनी काय काय ऐकवलं! “रंगाऱ्याच्या कामाला मुलगी धाडू?” मी गप्प जेवत होते. सोमवारी संध्याकाळी ती नाही, तिची पिशवी नाही. सगळे म्हणाले, टोकियो. बाबा मरेपर्यंत म्हणाले, टोकियोला गेली, कृतघ्न. मीही तेच म्हणत आले.

जाताना तिने पहिल्या वहीत एक पान दुमडून ठेवलं. वर त्याच सोमवारची तारीख. ‘२६वा भाग झाल्यावर उघडा – ओली चप्पल.’ हे तिचं टोपणनाव. सव्विसावा येणारच नाही हे ठाऊक असताना!

मला बरोबर कळलं. त्याच्या तीन आठवडे आधीच मी तिची एक घडी आधी उघडून भर दुकानात मोठ्याने वाचली होती. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. मी कान धरून शपथ घेतली, पुन्हा कधी उघडणार नाही. म्हणून ही शिक्षा – जे कधी येणार नाही त्याची वाट बघत बस! बसले. पोलिसांनी विचारलं, चिठ्ठीबिठ्ठी? नाही म्हणाले. चिठ्ठी कुठे होती? मिओचं पुढे काय होईल, त्याबद्दलच लिहिलं असणार. वही वरच्या कपाटात, गाद्यांच्या मागे आहे. कोणाला दाखवलेली नाही.

आणि आता सव्विसावा येणार आहे. ३० मार्चला. आठ आठवडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फळीवरच्या वहीत एक घडी सापडली. ‘१९वा भाग झाल्यावर उघडा – ओली चप्पल.’

अक्षर तिचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर दुकान चालवलं. काय केलं आठवत नाही. पान ओलं होऊन वाळल्यासारखं फुगलंय. नखाला मीठ लागलं. चाखून बघितलं, मूर्खासारखं.

९ फेब्रुवारी, रविवार

एकोणिसाव्यात मिओने दार स्वतःच आतून उघडलं. एक धक्का, आणि आली बाहेर! कुसुनोकी काका ताडकन उठले. “अडतीस वर्षं! अडतीस वर्षं थांबलो ते यासाठी?” हिनात्सु टाळ्या पिटत होती. “बरोबर आहे! कोणाची कशाला वाट बघायची?”

मग सगळ्यांसमोर घडी उघडली. काकांनी वाचलं. आत असं होतं –

‘दार आतून उघडलं म्हणे! थापा. दार ओढलं की कडी आपोआप पडते, आणि निघते फक्त बाहेरून. आतून कितीही ढकला. आणि लाटांचा आवाज आत असा लांबून येत नाही. तो खालून येतो, तळपायांतून. चित्रकारांनी एकदा आत बसून बघायला हवं होतं. – ओली चप्पल.’

“शुक्रवारी लिहिलेलं?” काका म्हणाले. “म्हणजे ही बाई मालिका बनवणाऱ्यांतली आहे. आधी बघितलेलं असणार. पण कडीचं खरं हो! मीही ऐकलंय, ती कडी तशीच होती.”

हिनात्सुने हात चोळले. “मला नाही आवडलं. मत चांगलंय, पण मला नाही आवडलं.”

मालिका बनवणाऱ्यांतली. तोको! म्हणजे जिवंत आहे. पोचली ती. रंगवतेय. पंचावन्न वर्षांची झाली असेल. येऊन गेली आणि मला भेटली नाही – एवढा राग? मी भांडी घासताना रडले आणि हसलेही.

१६ फेब्रुवारी, रविवार

दार उघडलं की मान वर करते. पंचावन्नच्या आसपासची कोणीही बाई आली की आधी तिचे हात बघते, रंग लागलाय का. एक बिचारी घाबरून कॉफी अर्धी टाकून गेली.

२ मार्च, रविवार

बाविसाव्याची घडी गुरुवारीच आली होती. कोणी ठेवली ते बघितलं नाही. मी दिवसभर हललेसुद्धा नाही काउंटरवरून!

आत – ‘मिओला वाट बघायची सवय नाही असं दाखवलंय. चूक. ती वाट बघते. आधी हसते, की बाबा कसे घाबरले असतील. मग वैतागते. मग ताईला हाका मारते. हाका मारून मारून घसा बसतो, ते दाखवायचं राहिलं. बाकी रंग छान.’

काकांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. “मालकीणबाई, हे तुम्हीच वाचा.” खुर्चीखाली पाण्याचं थारोळं होतं. फळीजवळच्या खुर्चीखाली. बाहेर लख्ख ऊन. काका म्हणाले, कोणाची छत्री गळतेय? छत्री कोणाकडेच नव्हती.

मी पुसलं. विचार करणार नाही. ती टोकियोला आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आज वाईट वागले. हिनात्सुला आतल्या खोलीत ओढत नेलं आणि विचारलं, माझ्या कपाटाला हात लावलास? ‘ओली चप्पल’ हे नाव कुठून मिळालं तुला? तिचं तोंड एवढंसं झालं.

“मावशी, मी तुमच्या जिन्यावरसुद्धा कधी चढले नाही.”

मग मी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तोको, शपथ, पहिली वही. आयुष्यात पहिल्यांदा.

“आणि अडतीस वर्षं तुम्ही ते उघडलं नाहीत?”

“नियम आहे.”

“मावशी! नियम कशासाठी असतो? गोष्टीतली मजा जाऊ नये म्हणून. तुमची बहीण हरवली होती हो!”

“तू नको शिकवूस मला.”

ती उठली. दारातून म्हणाली, “मागच्या आठवड्यात मी वहीत त्या बाईच्या नावाखाली लिहिलं होतं, तुम्ही कोण? उत्तर आलंय. बघितलंत का?”

बघितलं. एकच शब्द. ‘धाकटी.’

१५ मार्च, शनिवार

पहिली वही खाली काढली. पट्टी पिवळी पडलीय, नख लावलं तर निघेल. बोट ठेवून बसले. मग वाटलं, आज उघडली आणि आत नुसतं मिओबद्दल असलं तर मी आणखी एकदा शपथ मोडलेली. आणि दुसरं काही असलं तर? तर ही अडतीस वर्षं कोणाला परत मागू?

भीती वाटते. लिहूनच टाकते – शपथबिपथ नाही, भीती वाटते.

परत ठेवली. पंधरा दिवस तर राहिलेत.

२१ मार्च, शुक्रवार

हिनात्सु आली नाही. जुनं बरं की नवं, कोणी भांडत नाही. दुकानाला दर्याचा वास येतोय, खिडक्या बंद असून.

२८ मार्च, शुक्रवार

शेवटची घडी आली. पान इतकं ओलं की शाई पसरलीय. ‘२६वा भाग झाल्यावर उघडा.’ आणि खाली बारीक अक्षरात – ‘नाहीतर आत्ताच उघड.’

नाही उघडली.

२९ मार्च, शनिवार

काका म्हणाले, “मालकीणबाई, वर लिहिलंय उघड म्हणून. उघडलीत तरी नियम मोडत नाही.” मी त्यांना टोस्टचं बिल पुढे केलं. बिचारे निघून गेले.

३० मार्च, रविवार

झालं. सव्विसावा झाला.

हिनात्सु आली होती. माझ्या शेजारी उभी राहिली आणि हात धरला. शेवटच्या पाच मिनिटांत परत ती रात्र दाखवली. मिओला आजवर वाटत होतं, दार आपण एकटीने उघडलं. तसं नव्हतंच. तिची ताई वाऱ्यापावसात बांधावरून गेली होती, बाहेरून कडी काढली होती, आणि मिओला लाज वाटू नये म्हणून गुपचूप घरी परतली होती. म्हणून तर एका धक्क्यात उघडलं!

कुसुनोकी काका टोपीत तोंड घालून रडले. “बघ, कडी खरीच ठेवली त्यांनी! मी त्यांना शिव्या दिल्या.” हिनात्सु म्हणाली, “काका, कबूल करा, नवी बरी आहे.” “शेवट बरा आहे. लाटा नाही.” सगळे हसले. मी सोडून.

सगळे गेल्यावर शेवटची घडी उघडली. आत एवढंच –

‘याही वेळी थांबलीस.’

वरून पहिली वही आणली. घड्याळात साडेअकरा. खिडकीत भरपूर ऊन. आता उघडते.

३१ मार्च, सोमवार

दुकान बंद. तोकोचं पान इथे उतरवून ठेवते.

‘ताई, आज संध्याकाळीच तू हे उघडणार, म्हणून तर इथे लिहिलं! सव्विसावा भाग येणारच नाहीये, म्हणजे वाट बघायचा प्रश्नच नाही. मी दिव्याच्या खोलीत आहे. टोकियोबिकियो काही नाही, बाबांना एक रात्र घाबरवायचंय फक्त. उद्या उजाडताच ये आणि कडी काढ, माहितीये ना, आतून निघत नाही. वारा वाढला तर आधीच ये. आंबट उमेबोशी घातलेली भाताची ओनिगिरी आण. विसरणार नाहीस याची मला काळजीच नाही. घडी दिसली की दम कुठे निघतो तुला!’