शिवरात्रीची रताळी

सुलक्षणा,

टोपलीतली रताळी बोरिवलीच्या बाजारातली आहेत. तुझ्या सासूला मात्र चाळीमागच्या आपल्या वेलाची म्हणून द्यायची. एक कच्चंच ने, वाफ्यातली माती फासून. ती हातात घेऊन बघेल. बाकीची उकड.

आज वेल उपटला तर नुसता पाला, खाली बोटाएवढ्या मुळ्या. ती सांगत होती, शेण आधी कुजू द्या. मी तबेल्यातलं ताजं शेण पाट्या भरभरून ओतलं, वर गोराईची मासळीची घाण. वेल माजला, रताळी धरलीच नाहीत. आणि तिला रोज सांगत आलो, एक रताळं एवढं फुगलंय की दूधवाला त्यावर बसून विडी ओढतो. तेव्हापासून हट्ट धरून बसलीय, शिवरात्रीचा उपास घरच्याच रताळ्यांवर करणार.

मी पुढे इस्पितळात जातो. वॉर्डातलं कॅलेंडर उतरवतो, नर्सबाईंना आणि शेजारच्या खाटेवरच्या जयंतीबाईंना पढवून ठेवतो, की आज महाशिवरात्र आहे. तूही तेच म्हण, येताना बेलाची पानं आण.

काल डॉक्टरांना विचारलं, शिवरात्रीपर्यंत थांबलं तर चालेल ना? ते म्हणाले, काका, उद्याच खाऊ घाला.

तुझा सासरा,
काशीराम